औषधाची परीक्षा

आमच्या संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी जी मंडळी येतात ती आता पगाराच्या चिठ्ठीबरोबर औषधाची चिठ्ठीही घेऊन येतात. कोणी वर्तमानपत्राचे कात्रण आणतो, कोणी मोबाईलवर आलेला मजकूर वाचून दाखवितो. अमक्या रोगावर नवा शोध लागला. अमके औषध निकामी ठरले. अमक्या पाल्याने मधुमेह मुळापासून जातो. मग विचारणा होते, "भाऊ, यात खरे किती?"

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा आमची सातवीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो, कारण औषधाची परीक्षा कशी होते हा प्रश्न वैद्यकीचा जितका आहे तितकाच हिशेबाचा आहे. आणि दुसऱ्याने मांडलेला हिशेब तपासणे हे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत.

प्रथम परीक्षा म्हणजे काय ते पाहू. पाच दिवसांत आपोआप उतरणारा ताप असला, तर चौथ्या दिवशी जो कोणी भेटेल त्याला श्रेय मिळते. मग तो डॉक्टर असो, मांत्रिक असो, की कोपऱ्यावरचा औषधवाला. "मला गुण आला" हे वाक्य खोटे नसते, पण त्याने औषध सिद्ध होत नाही. सिद्ध होण्यासाठी तुलना लागते. सारख्याच रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि काय होते ते पाहायचे. खरी मेख आहे ती "सारख्याच" या शब्दात. डॉक्टरने आपल्या मनाने गट पाडले तर तो नकळत बऱ्यापैकी रोगी औषधाच्या गटात घालील. म्हणून गट चिठ्ठ्या टाकून पाडतात. दैवावर सोपविल्याने वशिला संपतो, एवढाच त्याचा अर्थ.

ही पद्धत पक्की झाली ती क्षयरोगाच्या निमित्ताने. युद्धानंतर इंग्लंडला अमेरिकेतून स्ट्रेप्टोमायसिन विकत घ्यायला डॉलर पुरेसे नव्हते. औषध थोडे आणि रोगी फार. सर्वांना देता येत नाही, तर चिठ्ठीने द्यावे, असे ठरले. ब्रॅडफर्ड हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ही आखणी केली. त्याला स्वतःला तरुणपणी क्षय झाला होता. १९४८ साली निकाल छापून आला. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, आणि नुसत्या अंथरुणावरच्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. जगभर जयजयकार झाला. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद केली तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ मेलेले होते. क्षयाचे जंतू एकट्या औषधाला सरावले होते. तेव्हा दोन-तीन औषधे एकत्र द्यावी लागतात हे कळले, आणि सहा महिन्यांच्या निकालावर फटाके उडवू नयेत हेही कळले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्यावर तुलनेचा प्रयोग चालू आहे हे त्या दुसऱ्या गटातल्या रोग्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आज तसे चालत नाही. या मुद्द्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

क्षयाचीच गोष्ट थोडी पुढे नेऊ, कारण तिच्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९५६ साली मद्रासला क्षयचिकित्सेचे एक संशोधन केंद्र निघाले. त्याने विचारलेला प्रश्न गरिबाच्या दारातला होता : क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे काय, की औषधे घरी घेऊन तो बरा होईल? त्या काळी समज असा की मोकळी हवा, दूध-अंडी आणि वर्षभराची विश्रांती याशिवाय क्षय हटत नाही. १९३ रोग्यांची चिठ्ठ्यांनी वाटणी झाली. घरी राहिलेले दाटीच्या वस्तीत राहिले, त्यांचे खाणे निकृष्ट होते, विश्रांतीही कमी. तरी वर्षाअखेर दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. घरातल्या इतरांना लागण जास्त झाली असेही दिसले नाही. १९५९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने घरच्या घरी उपचाराचा मार्ग धरला.

परंतु या निकालातून काही लोकांनी एक जादा निष्कर्ष ओढून काढला, की क्षयात खाण्यापिण्याला महत्त्व नाही. प्रयोगाने हे म्हटलेच नव्हते. औषध मिळणाऱ्या रोग्याच्या बरे होण्याविषयी तो बोलत होता; निरोगी माणसाला क्षय का होतो याविषयी नव्हे. तो दुसरा प्रश्न नीट विचारायला आपल्या देशाला साठ वर्षे लागली. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' नावाचा प्रयोग झाला. क्षयाच्या २,८०० रोग्यांची कुटुंबे निवडली. घरची माणसे मिळून दहा हजारांवर. रोग्याला शिधा सर्वत्र दिला. फरक एवढाच की एका गटात घरच्या माणसांनाही शिधा दिला. मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, सहा महिने. निकाल २०२३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ज्या घरांत फक्त रोग्याला शिधा होता तिथे हजारी सुमारे २६ माणसांना पुढे क्षय झाला. ज्या घरांत सर्वांना होता तिथे हजारी सुमारे १७. सगळी वजाबाकी-बेरीज नीट करून संशोधकांनी सांगितले, की नव्या क्षयात ३९ टक्के घट झाली. डाळ-तांदळाने! यात नवे रसायन नाही, पेटंट नाही, चकचकीत जाहिरात नाही. म्हणूनच की काय, आमच्या कचेरीत या शोधाचे कात्रण घेऊन कोणी आलेला नाही.

याच प्रयोगातला एक दुसरा आकडा वाचकांनी वेगळ्या तराजूत घालावा अशी आमची विनंती आहे. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी आढळला. हा आकडा पहिल्यापेक्षा मोठा, पण पुरावा म्हणून तो हलका आहे. शिधा कोणाच्या घरी जाणार हे आधी ठरवून वाटले होते. वजन कोणाचे वाढणार हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. ज्याचा रोग मुळात सौम्य त्याचे वजनही लवकर वाढेल आणि तो जगेलही. संशोधकांचा अंदाज बरोबर असणे पुष्कळ शक्य आहे. पण शक्य आणि सिद्ध यांत अंतर असते. सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. या पैशात पाच माणसांच्या घराचा शिधा किती बसतो, याचा हिशेब प्रत्येक गृहिणीला येतो.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची कथा निराळी. त्याला पूर्वी नऊ ते वीस महिने औषधे घ्यावी लागत, आणि त्यातल्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. २०२२ साली बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तान येथील प्रयोगाचा निकाल आला. बेडाक्विलिन आणि जोडीची तीन औषधे अशा सहा महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरात ८९ रोग्यांचे चांगले झाले, जुन्या पद्धतीने ५२ जणांचे. आपल्या देशाने २०२४ साली ही पद्धत स्वीकारली. पण औषध सापडणे वेगळे आणि परवडणे वेगळे. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबविण्याचा अर्ज कंपनीने केला होता. त्याला हरकत घेतली ती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी. दोघींनाही क्षय होऊन गेलेला, आणि दोघींचेही ऐकू येणे उपचारांपायी गेलेले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला या बातमीने काय वाटले असेल, ते सांगायला नको.

आता करोनाकडे येऊ. त्या दोन वर्षांत औषधांच्या बाजारात जी झुंबड उडाली ती सर्वांना आठवतच असेल. मलेरियाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानांतून नाहीशी झाली. बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा मिळावा म्हणून लोक रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे पाय धरीत होते. ब्रिटनमधील १७६ इस्पितळांनी मिळून 'रिकव्हरी' नावाचा प्रयोग मार्च २०२० मध्ये सुरू केला, आणि घाईच्या काळातही चिठ्ठी टाकण्याचा नियम सोडला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने शंभरात २७ दगावले, तिच्याविना २५. म्हणजे लाभ नाही. डेक्सामेथासोन हे १९५०च्या दशकातले, काही रुपयांत येणारे जुने स्टेरॉइड. त्याने मात्र जीव वाचविले. श्वासयंत्रावरच्या रोग्यांत शंभरी ४१ मृत्यू होत होते, ते २९ वर आले. प्लाझ्माची परीक्षा आपल्या देशातच झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ इस्पितळांत ४६४ रोग्यांवर ती केली, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : काही फरक नाही. तरीही सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली, आणि त्या लाटेत किती घरांनी दागिने मोडले याची नोंद कोठे नाही.

डेक्सामेथासोनच्या निकालात एक पोटकलम होते ते बहुतेकांनी वाचले नाही. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता अशा रोग्यांना या औषधाचा फायदा झाला नाही; उलट त्या गटात औषध घेणाऱ्यांचे मृत्यू किंचित जास्तच दिसले. आपल्याकडे ताप आल्या दिवशीच स्टेरॉइड सुरू करण्याची चाल पडली, मधुमेही माणसांनाही भरमसाट दिले गेले, आणि त्यानंतर काळ्या बुरशीचे रोगी इस्पितळांत येऊ लागले. कराराचे पोटकलम न वाचता सही करणारा कामगार आणि निकालाचे पोटकलम न वाचता औषध लिहिणारा डॉक्टर, दोघांचे नुकसान सारख्याच कारणाने होते. फरक इतकाच, की डॉक्टराच्या सहीचे नुकसान दुसऱ्याला भोगावे लागते.

हृदयाच्या बाबतीत तर परीक्षेने मोठ्या मोठ्यांची झोप उडविली. चालताना छातीत दुखते, तपासणीत रक्तवाहिनी अरुंद दिसते, मग तीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. रोग्याला बरे वाटते. पण हे बरे वाटणे नळीचे किती आणि "माझे मोठे ऑपरेशन झाले" या समाधानाचे किती? लंडनच्या डॉक्टरांनी २०१७ साली हे तपासले. २०० रोगी घेतले; सर्वांना टेबलावर घेतले, गुंगी दिली, कानांना संगीताचे यंत्र लावले; निम्म्यांना नळी बसविली आणि निम्म्यांना काहीच केले नाही. सहा आठवडे कोणालाच ठाऊक नव्हते की आपल्यात नळी आहे की नाही. दोन्ही गटांना औषधे चांगली दिलेली होती. शेवटी चालण्याच्या कसोटीत फरक पडला तो सुमारे १६ सेकंदांचा, म्हणजे योगायोगाने पडावा इतकाच. पुढे २०२० साली ३७ देशांतील ५,१७९ रोग्यांवरच्या प्रयोगाने सांगितले, की अशा स्थिर रोग्यांत नळी वा बायपास लगेच केल्याने आयुष्य वाढलेले दिसत नाही. मग २०२३ साली त्याच लंडनच्या मंडळींनी औषधे बंद ठेवून पुन्हा तोच प्रयोग केला, तेव्हा नळीने छातीतले दुखणे खरोखर कमी होते असे आढळले. म्हणजे पहिला निकाल चूक होता असे नव्हे. दोन्ही वेळी विचारलेला प्रश्न निराळा होता.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. ज्याला हृदयविकाराचा झटका आत्ता आलेला आहे त्याला हे काही लागू नाही. त्याची बंद पडलेली वाहिनी तत्काळ उघडणे म्हणजे जीव वाचविणे. तेथे वाद घालीत बसू नये. पण ज्याला "आठवड्यात पैसे भरा" असे सांगितले आहे, त्याने "औषधांवर राहिलो तर काय?" हे विचारावे. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. परंतु जी नळी लागतच नाही ती स्वस्त मिळाली तरी महागच.

टक्क्यांविषयी थोडे बोलतो. मालक जेव्हा सांगतो की पंधरा टक्के वाढ दिली, तेव्हा आमचा पहिला सवाल असतो : कशावर? मूळ पगारावर की एकूण पगारावर? औषधाच्या बातमीलाही हाच सवाल करावा. वजन उतरविणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाची हल्ली फार चर्चा आहे. २०२३ साली निकाल आला, की हृदयरोग असलेल्या स्थूल माणसांत, ज्यांना मधुमेह नव्हता, या औषधाने झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. हे खरे आहे. हजारी हिशेब केला तर तीन-साडेतीन वर्षांत ८० जणांवर जे संकट आले असते ते ६५ जणांवर आले. १५ माणसे वाचली. उरलेल्या ९८५ जणांना या बाबतीत औषध घेऊन वा न घेऊन तेच झाले असते. हा प्रयोग १७,६०४ माणसांवर औषधाच्याच कंपनीने आपल्या पैशाने केला. कंपनीने केला म्हणून तो खोटा ठरत नाही. आम्ही मालकाचा ताळेबंदही खोटा मानीत नाही; फक्त टिपांसकट वाचतो.

याच्या शेजारी बाळंतिणीचे औषध ठेवून पाहा. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्त थांबविणारे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी १९६०च्या दशकात शोधून काढले. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ते वापरून पाहा, असे त्या सांगत राहिल्या; प्रसूतितज्ज्ञांनी मनावर घेतले नाही. अखेर २१ देशांतील २०,०६० बायांवर परीक्षा झाली. रक्तस्रावाने होणारे मृत्यू हजारी १९ वरून १५ वर आले. औषध पहिल्या तीन तासांत दिले तर लाभ आणखी जास्त. निकाल एप्रिल २०१७ मध्ये छापला गेला. ओकामोतोबाई त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, ९८ वर्षांच्या होऊन वारल्या होत्या.

बाळंतपणातला दुसरा शोध तर औषधही नव्हे. रक्त किती गेले हे डोळ्यांनी पाहून ठरविले तर अंदाज हटकून कमी होतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० इस्पितळांत एका गटाला मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर दिली, आणि रेघ ओलांडली की मालिश, औषधे, सलाइन, तपासणी ही सारी कामे एकापाठोपाठ नव्हे तर एकदम करावीत असे सुइणींना शिकविले. पूर्वी निम्मेच रक्तस्राव वेळेवर ओळखले जात. आता शंभरात ९३ ओळखले गेले. भयंकर रक्तस्राव आणि त्यापायी होणारी शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचे प्रमाण हजारी ४३ वरून १६ वर आले. हा निकाल २०२३चा आहे. प्लास्टिकवर चार रेघा ओढल्याने जितके जीव वाचतात तितके वाचविणारी यंत्रे फार थोडी असतील.

स्वस्त शोधांत आपल्या मुंबईचेही नाव आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचून पाहिले. दात काढताना बधिर करायला वापरतात तेच हे औषध. देशातल्या ११ केंद्रांत मिळून सुमारे १,६०० बाया प्रयोगात होत्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की पाच वर्षांनी लिडोकेनच्या गटात शंभरात ९० बाया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६. दुसऱ्या देशांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला पाहिजे. एका निकालावर कोणी थांबू नये. पण पुन्हा करायला पैसा कोण देणार? लिडोकेन विकून कोणाचे घर भरत नाही.

तेव्हा काय शोधले गेले याइतकेच काय शोधायचे राहिले हेही पाहावे लागते. सूतगिरणीच्या ब्लो-रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात राबणाऱ्या माणसाची छाती साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळून येते. बिसिनोसिस हे त्या दुखण्याचे नाव. कामापासून होणाऱ्या रोगांच्या कायदेशीर यादीत ते आहे. दगडाच्या धुळीने फुप्फुस दगडासारखे होते तो सिलिकोसिस. त्यावर बरे करणारे औषध आजही नाही. धूळ अडविणे हाच उपाय, आणि धूळ अडविण्याचा खर्च कोणी करायचा यावर आमच्या बैठका अडतात.

शेवटचा मुद्दा, ज्याचे आम्ही वर आश्वासन दिले होते : परीक्षा कोणाच्या देहावर? तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांची तीन तऱ्हांनी तपासणी, चौथ्याची नाही. आठेक वर्षांनी दिसले, की ज्यांची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली त्या ३४ हजार बायांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, आणि न तपासलेल्या साडेएकतीस हजारांत ६४. २००९ साली छापून आलेला हा निकाल जगभर वाखाणला गेला. जागतिक आरोग्य संघटना आज हीच तपासणी आधी करावी असे सांगते, आणि तिच्या पुराव्यात आपल्या मराठवाड्यातील शेतमजूर बाईचा वाटा आहे.

या प्रयोगावर टीकाही झाली. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही? संशोधकांचे उत्तर असे, की त्या काळी जिल्ह्यात कोणाचीच तपासणी होत नव्हती. त्या बायांना रोगाची माहिती आणि तपासणी कोठे मिळेल तो पत्ता दिला होता. आम्हाला हे उत्तर खरे वाटते, पण पुरेसे वाटत नाही. "नाहीतरी त्यांना काही मिळतच नव्हते" हा युक्तिवाद आम्ही किमान वेतनाच्या प्रत्येक सुनावणीत ऐकला आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, तो चौथा गट नसता तर तपासणीने जीव वाचतात हे इतके स्वच्छ कळले नसते, हेही नाकारता येत नाही.

आज नियम पुष्कळ कडक झाले आहेत. २०१९च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या प्रयोगात भाग घेणाऱ्याला सर्व माहिती त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे आणि संमतीपत्राची प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. प्रयोगातून केव्हाही बाहेर पडता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई. देशातील प्रत्येक प्रयोगाची नोंद सरकारी नोंदवहीत सुरू होण्यापूर्वीच करावी लागते, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. आपल्या शहरातील इस्पितळांत सध्या कोणते प्रयोग चालू आहेत, पैसा कोणाचा आहे, किती माणसे हवी आहेत, हे तीत लिहिलेले असते. भाषा इंग्रजी आहे. पण प्रत्येक वस्तीत आता इंग्रजी वाचणारी एखादी मुलगी असतेच.